एआरटीची बाटली आणि कॅल्शियमची गोळी : पुण्यातलं एक प्रकरण

एआरटी (एचआयव्हीवरची कायम घ्यायची औषधं) केंद्रातले समुपदेशक आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टर यांना एकत्र बसवून चर्चा करता यावी, म्हणून हे प्रकरण लिहून काढलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दवाखान्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण असं कुठल्याही दवाखान्यात घडू शकतं.

पार्श्वभूमी

बाईंचं वय 28. माहेर-सासर दोन्ही लातूर जिल्ह्यातलं, लग्नानंतर पुण्यात आल्या. हडपसरच्या पुढे मांजरीत एका खोलीचा संसार. नवरा मार्केट यार्डात हमाली करतो, मध्यरात्री निघतो आणि दुपारी परततो. त्या मगरपट्ट्यात चार घरची धुणीभांडी करतात. शिक्षण सातवीपर्यंत.

पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात केलेल्या तपासणीत एचआयव्ही निघाला. मग नवऱ्याची तपासणी झाली, तोही पॉझिटिव्ह. दोघांनाही लगेच औषधं सुरू झाली. ती मुलगी आता साडेचार वर्षांची आहे आणि अठराव्या महिन्याच्या शेवटच्या तपासणीत निगेटिव्ह ठरली आहे. सासूबाईंना आणि जावेला यातलं काहीही माहीत नाही.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या यंत्रणेच्या जमेची आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. 1997 साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्री न करणाऱ्या, बहुतांश विवाहित स्त्रियांमध्येही 13.6 टक्के जणींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. जिचा नवऱ्यापलीकडे कुणाशी संबंध नाही अशी घरातली बाई या आजाराच्या वाटेवर उभी आहे, हे त्या आकड्याने दाखवून दिलं. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2002 मध्ये सुरू झाला. तेव्हा बाळंतपणाच्या वेळी आईला नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधाची एकच गोळी आणि बाळाला एकच डोस मिळायचा. स्तनपान करणाऱ्या बाळाला तेच औषध सहा आठवडे दिलं तर काय होतं, हे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात इथिओपिया आणि युगांडासोबत पुणंही होतं. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. 2014 पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला कायमची एआरटी सुरू करायचं धोरण आलं. उपचार न घेता 15 ते 45 टक्के बाळांना लागण होऊ शकते. उपचार नीट झाले तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आणता येतं. या बाईंची मुलगी निगेटिव्ह आहे ती यामुळे.

म्हणजे गरोदर बाईच्या तपासणीत एचआयव्हीची चाचणी आपण बसवली आणि ती रुळलीही. उलट्या बाजूचं काम अजून अर्धवट आहे: एचआयव्हीचं औषध घेणाऱ्या बाईला पाळणा लांबवायचा असेल, मूल हवं असेल, अंगावरून जात असेल, तर तिने कुठे जायचं? जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचे चार टप्पे सांगितले आहेत. एचआयव्हीबाधित स्त्रीला नको असलेलं गरोदरपण टाळायला मदत करणं हा त्यातला दुसरा. आपल्याकडे सगळ्यात दुबळा राहिलेला टप्पा माझ्या मते हाच.

तांबी

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा बाईंनी स्वतःहून ठरवलं की इतक्यात दुसरं नको. शेजारणीने तांबी (कॉपर-टी) बसवली होती, म्हणून त्याही एका प्रसूतिगृहात गेल्या. केसपेपर काढला आणि विचारलं नसतानाही एआरटीचं पुस्तक दाखवलं. लपवायचं कशाला, असं त्यांना वाटलं. पुस्तक पाहून समोरून उत्तर आलं, "तुमचं सगळं तिकडेच करून घ्या."

एआरटी केंद्रात तांबी बसवत नाहीत. तिथून चिठ्ठी मिळाली मोठ्या दवाखान्यातल्या कुटुंब नियोजन विभागाची. तो विभाग सकाळी चालू असतो, आणि सकाळीच त्यांची चार घरं असतात. दोन खाडे करून त्या तिथे पोचल्या. तेव्हा सल्ला मिळाला, "एक मूल झालंय ना? मग ऑपरेशनच करून टाका. या आजारात पुन्हा कशाला?"

पुढे समुपदेशकाला त्यांनी हे सांगितलं ते असं: "मॅडम, तिकडं गेलं की हिकडं पाठवत्यात, हिकडं आलं की तिकडं. मी तांबी मागत होते, ऑपरेशन न्हाई."

त्यांची मागणी वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य होती. उपचार चालू असलेल्या आणि तब्येत ठणठणीत असलेल्या एचआयव्हीबाधित बाईला तांबी बसवता येते. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, माला-एन आणि छाया या गर्भनिरोधक गोळ्या हे पर्यायही खुले आहेत. एआरटीच्या आताच्या, डोल्युटेग्राविर हे औषध असलेल्या गोळीचा या साधनांशी झगडा नाही. आधीच्या पिढीतल्या एफाविरेन्झ या औषधामुळे दंडात बसवायच्या गर्भनिरोधक इम्प्लांटचा परिणाम कमी व्हायचा. काही सिस्टरांच्या मनात "एआरटीवर गर्भनिरोधक चालत नाही" हे बसलंय ते बहुधा तिथून. एचआयव्हीबाधित स्त्रीची नसबंदी तिच्या मर्जीने होऊ शकते, पण तिला तिकडे ढकलायचा अधिकार कुणालाही नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. आरोग्यसेवा नाकारणं किंवा देताना भेदभाव करणं हे त्याने बेकायदा ठरवलं आहे. "तिकडेच करून घ्या" हे वाक्य आवाज न चढवता म्हटलं, तरी ती सेवा नाकारणंच आहे.

मग उरला निरोध. एआरटी केंद्रात तो फुकट मिळतो आणि प्रत्येक भेटीत "वापरताय ना?" असं विचारलंही जातं. बाई "हो" म्हणायच्या. नवरा दारू पिऊन आला की ऐकत नाही, हे सांगायला त्या खोलीत ना वेळ होता ना आडोसा. त्यात तब्येत स्थिर असलेल्यांना तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम मिळू लागली. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे, ती बंद व्हावी असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्यामुळे समुपदेशकाशी वर्षाकाठी चारच भेटी होतात. त्या भेटींत मुलाबाळांचा विषय निघाला नाही, तर वर्ष तसंच जातं.

दुसरी खेप

बाईंना दिवस गेले. घराजवळच्या एका खासगी डॉक्टरने आजाराचं कळताच पाडून टाका आणि त्याच वेळी ऑपरेशन करून घ्या, असं सांगितलं. बाळाला आजार होणारच, हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की स्वतःची निगेटिव्ह मुलगी घरात खेळत असूनही बाईंचा त्यावर विश्वास बसला. पहिलीच्या वेळी नशीब होतं, असं त्यांनी धरलं. त्या मुलीमागे औषध होतं, हे त्यांना चार वर्षांत कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते इथे नोंदवते, कारण प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गर्भनिरोधक निकामी ठरणं हे त्यासाठी मान्य कारण आहे. या बाईंना गर्भपात हवा असता तर तो सुरक्षितपणे, ऑपरेशनची अट न घालता मिळायला हवा होता. त्यांना तो नको होता. नवऱ्याशी बोलून दोघांनी मूल ठेवायचं ठरवलं. हा निर्णय त्यांचा, आणि पुढच्या सगळ्या आखणीचा पाया तोच.

प्रसूतिगृहात नाव घालताना मात्र त्यांनी आजार लपवला. तांबीच्या वेळचा अनुभव ताजा होता. बोटातून रक्त घेऊन तपासणी झाली, रिॲक्टिव्ह, म्हणजे एचआयव्ही असल्याची शक्यता दाखवणारी, आली. इथे नेहमी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्राची, चिठ्ठी मिळते, तिथे पुन्हा तीन चाचण्या होतात, रजिस्टरमध्ये "नवीन रुग्ण" अशी नोंद पडते आणि जुनी बाई नव्याने मोजली जाते. या वेळी सिस्टरने त्यांना इंजेक्शनच्या खोलीत नेलं, मावशींना बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि विचारलं, "ताई, ही तपासणी आधी कधी झालीये का? झाली असली तरी तुमची ट्रीटमेंट इथंच होणार, मी सांगते ना."

बाई आधी रडल्या, मग त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरने त्यांच्यासमोर, त्यांना विचारून, एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला फोन लावला. दोन्ही दवाखान्यांत या बाईंबद्दल झालेलं हे पहिलं बोलणं.

टेबलावरच्या गोळ्या

समुपदेशकाने सिस्टरला एक गोष्ट सुचवली: पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. तोवर बाईंचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहेत त्याची तपासणी) करून घेतला होता, आणि तो 1000 च्या वर निघाला. आधीच्या तपासणीत तो अगदी दबलेला होता.

बाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. एआरटीची पांढरी प्लास्टिकची बाटली होती, आत कापूस कोंबलेला, म्हणजे गोळ्या खुळखुळत नाहीत आणि जावेला ऐकू जात नाही. बाटली ज्वारीच्या पिठाच्या डब्यात राहायची, त्यामुळे झाकणाच्या आट्यांत पीठ बसलं होतं. शिवाय प्रसूतिगृहातून मिळालेली लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं आणि कॅल्शियमची पाकिटं.

"या कधी घेता?"

"रातीला. समदे झोपले की दहाला. एकदाच उरकून टाकते समद्या."

प्रकरणाचं मर्म या वाक्यात आहे. डोल्युटेग्राविर हे औषध पोटात लोह किंवा कॅल्शियमला चिकटतं आणि मग रक्तात पुरेसं उतरत नाही. उपाशीपोटी सोबत घेतलं तर लोहामुळे त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, कॅल्शियममुळे जवळपास 40 टक्क्यांनी घटतं. जेवणासोबत घेतलं तर हा परिणाम जवळजवळ राहत नाही. नाहीतर एआरटीची गोळी कॅल्शियम-लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. बाई आठला भाकरी खायच्या आणि दहाला सगळ्या गोळ्या एकदम गिळायच्या. त्यात पहिले तीन महिने उलट्यांमुळे काही रात्री गोळी बाहेर पडलेली. व्हायरल लोड यातल्या कशाने किती चढला ते वेगळं काढता येणार नाही, पण दोन्ही गोष्टी सुधारता येण्यासारख्या होत्या.

या बाईंनी कुणाचंही ऐकलं नाही असं झालेलं नव्हतं. प्रसूतिगृहाने सांगितलेल्या गोळ्या त्या रोज घेत होत्या, एआरटी केंद्राने सांगितलेली गोळीही घेत होत्या. प्रसूतिगृहाला डोल्युटेग्राविरचं माहीत नव्हतं. सिस्टरचा फोन येईपर्यंत त्या गरोदर आहेत हे एआरटी केंद्राला माहीत नव्हतं. दोन्ही ठिकाणचं काम आपापल्या पुस्तकाप्रमाणे चोख होतं आणि तरी विषाणू वाढत होता. "एकात्मिक सेवा" हा शब्द आपण अहवालात सहज लिहितो. तो प्रत्यक्षात उतरवायचा म्हणजे दोन्ही खात्यांच्या गोळ्या एका टेबलावर, एका माणसाच्या नजरेखाली याव्या लागतात.

सिस्टरने कागदावर वेळा लिहून दिल्या. सकाळी सातला पोळीबरोबर कॅल्शियम. अकराला लोह, कामाच्या घरी, लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नको. दुपारच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम. रात्री दहाला एआरटी, एकटी. कामावर गोळी घेताना कुणी विचारलं तर "रक्तवाढीची आहे" हे उत्तर खरंही होतं आणि पुरेसंही. औषध बदलायची वेळ आली नाही. उलटी गोळी घेतल्याबरोबर झाली तर पुन्हा घ्यायची, हेही सांगितलं.

चौतिसाव्या आठवड्यात व्हायरल लोड पुन्हा केला. विषाणू चाचणीत सापडण्याइतकाही उरला नव्हता.

बाळंतपण आणि त्यानंतर

पहिल्या बाळंतपणात केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत आजार लिहिलेला होता आणि खाट कोपऱ्यात दिली होती. या वेळी समुपदेशकाने लेबर रूमच्या सिस्टरशी आधीच बोलून ठेवलं. माहिती आतल्या पानावर, ज्यांना गरज आहे त्यांच्यापुरती. हातमोजे आणि इतर काळजी प्रत्येक बाळंतिणीसाठी जशी असते तशीच. व्हायरल लोड दबलेला असल्याने सिझेरियनची गरज नव्हती, बाळंतपण नैसर्गिक झालं.

तांबीचं बोलणं आठव्या महिन्यातच झालं होतं. हे फार महत्त्वाचं आहे. कळा सुरू झालेल्या बाईकडून घेतलेल्या संमतीला अर्थ नसतो. नीट समजावून, विचार करायला वेळ देऊन, कागदावर संमती घेतली होती, आणि वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत तांबी बसवली गेली. बाळंतपणानंतर 48 तासांपर्यंत ती बसवता येते. जी गोष्ट मागायला या बाईंनी खाडे केले होते, ती आता एकही जादा फेरी न मारता झाली.

बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं पातळ औषध, सहा महिने फक्त आईचं दूध. सहाव्या आठवड्यात लसीकरण असतंच, म्हणून बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेणं, इतर संसर्ग टाळणारं कोट्रायमोक्सॅझोल हे औषध सुरू करणं आणि आईच्या तांबीचे धागे तपासणं ही सगळी कामं त्याच सकाळी उरकली. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्याच्या तपासण्या व्हायच्या आहेत. अंगावरचं दूध चालू असेपर्यंत निकाल अंतिम मानायचा नाही.

एक काम राहिलं आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. एचआयव्हीबाधित स्त्रीला या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यांच्यासाठी 25 व्या वर्षापासून तपासणी सुचवते. आपल्या सर्वसाधारण तपासणी कार्यक्रमात वय 30 पासून मोजतात, म्हणून 28 वर्षांच्या या बाईंना "अजून वय झालं नाही" असं सांगून परत पाठवलं गेलं. पुढच्या एआरटीच्या तारखेलाच ती तपासणी होईल असं डॉक्टरांशी बोलून ठरवलं आहे.

काय बदललं, काय अडलं

एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाने आता प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे: "ताई, पुढच्या वर्षभरात मूल हवंय का?" उत्तर हो असेल तर व्हायरल लोड दबल्यावर कधी प्रयत्न करायचे आणि फॉलिक ॲसिड कधीपासून घ्यायचं ते बोलतात. नाही असेल तर साधन त्याच दिवशी द्यायचं. तांबीचं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर आठवड्यातून एक सकाळ एआरटी केंद्राशेजारच्या खोलीत बसते. दोन्हीकडे डोल्युटेग्राविर आणि कॅल्शियम-लोहाच्या वेळांचा तक्ता भिंतीवर लागला आहे. पुरुषांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. या बाईंचा नवरा दर तीन महिन्यांनी औषध न्यायला येतो, आणि निरोधाबद्दल त्याच्याशी एकट्याने नीट कुणी बोललेलं नाही. तोल अजून बाईच्याच बाजूला कलला आहे.

अडचण आहे ती साठ्याची आणि नोंदीची. एआरटीची औषधं एड्स नियंत्रणाच्या वाटेने येतात. अंतरा, छाया, माला-एन आणि तांबी कुटुंब कल्याणच्या वाटेने. मागणीपत्रं वेगळी, भांडारं वेगळी. एआरटी केंद्रात बसवलेली तांबी सिस्टरच्या प्रसूतिगृहाच्या आकड्यात दिसते, समुपदेशकाच्या मासिक अहवालात तिला रकानाच नाही. ज्याची नोंद नाही ते काम बदली झाली की पहिल्यांदा बंद पडतं. म्हणून शहर आणि जिल्ह्याच्या पातळीवर लेखी आदेश निघावा, एआरटी केंद्राला कुटुंब नियोजनाच्या साठ्यात स्वतःचा हिस्सा मिळावा आणि अहवालात एक रकाना वाढावा, एवढी मागणी आम्ही केली आहे. नवी इमारत लागत नाही, नवी भरतीही लागत नाही.

ही सगळी व्यवस्था एका गरोदर, लग्न झालेल्या बाईभोवती उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. एआरटी केंद्राच्या रांगेत विधवा आहेत, नवऱ्याने टाकलेल्या आहेत, आणि जन्मतःच एचआयव्ही घेऊन आलेल्या, औषधांवर वाढलेल्या, आता वयात आलेल्या मुलीही आहेत. त्या कधीच गरोदरपणाच्या तपासणीला येणार नाहीत किंवा फार उशिरा येतील. लग्न, पाळी, शरीरसंबंध, मूल यांबद्दल त्यांच्याशी बोलायला कुणी नेमलेलं नाही. पुढच्या एकत्रित प्रशिक्षणात चर्चेला घ्यायचं प्रकरण अशाच एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं आहे. तिचा प्रश्न साधा आहे: लग्न ठरलंय, त्याला माझ्या आजाराचं माहीत आहे, तर मला मूल होईल का? तो तिने विचारला औषधं देणाऱ्या फार्मासिस्टला, कारण तिच्याशी दर महिन्याला बोलणारं माणूस तेवढं एकच होतं.